आतल्या टायरची हवा

माझा साडू डिझेल वाचवतो. एवढं सांगितलं की माझ्या तीन वर्षांच्या पोटदुखीचं कारण सांगून झालं.

आम्ही दोघं एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीत आहोत आणि तेही एकाच ट्रकवर. बंदरापासून डेपोपर्यंत गाडी एकाने आणायची, डेपोतून डोंगरापलीकडच्या गोदामापर्यंत दुसऱ्याने न्यायची. एक आठवडा बंदराची बाजू माझी, पुढचा आठवडा त्याची. म्हणजे रस्ता तोच, गाडी तीच, इंजिन तेच. दोष द्यायचा म्हटला तर माणसाला कुठे जागाच ठेवलेली नाही. तरी महिन्याच्या एक तारखेला चालकांच्या खोलीतल्या फळ्यावर त्याच्यापुढे ४.६ आणि माझ्यापुढे ४.४. एका लिटरला इतके किलोमीटर, ज्याच्या त्याच्या बाजूचं डिझेल वेगळं मोजून. आणि फळा कुठे लावलाय, तर चहाच्या मशीनच्या बरोबर वर. चहा घ्यायचा तर मान वर करून अपमान वाचूनच घ्यायचा.

बरं, याला या धंद्यात आणला कोणी? मी. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी याचं लग्न झालं तेव्हा हा एका बेकरीचा टेम्पो चालवायचा. साहेबांकडे शब्द मी टाकला. मोठी गाडी मागे घ्यायला मी शिकवली. पहिल्याच आठवड्यात त्याने डेपोचं फाटक वाकवलं तेव्हा साहेबांच्या शिव्या मी खाल्ल्या, हा मागे उभा राहून बुटाकडे बघत होता. आता अख्खा डेपो त्याला कौतुकाने थेंब्या म्हणतो. मला तुफान म्हणतात. पूर्वी त्या नावात मान होता. हल्ली फळ्याकडे बघून म्हणतात.

तो गाडी चालवत नाही, गोंजारतो. लांबवर सिग्नल लाल दिसला की पाय उचलतो आणि गाडी आपली आपण रांगत तिथपर्यंत जाते. चढ लागायच्या आधीच वेग साठवून ठेवतो. साठच्या वर काटा जाऊ देत नाही. मागून कोणी हॉर्न वाजवला तर डावीकडे सरकतो आणि वर हात करून म्हणतो, जा बाबा. मला कोणी मागे टाकलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा हात करतो!

आणि रात्रीची तर त्याची वेगळीच थेरं. निघण्याआधी समोरची काच आतूनबाहेरून पुसणार. हेडलाइट पुसणार. समोरून कोणी मोठा दिवा डोळ्यांवर मारला तर रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरणार, त्या दिव्याकडे बघणारच नाही. दर दोन तासांनी थांबणार, झोप आलेली असो वा नसो. छोटी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरणार, एकेक चाक ठोकून कान देणार. चाकाचा आवाज टणटणीत आला तर हवा ठीक, भद्द आला तर कमी. आणि फोन? फोन बंद करून हत्यारांच्या डब्यात. "कोणाला काही सांगायचं असेल तर दोन तास थांबेल," म्हणतो. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "ट्रक चालवतोस की ऑपरेशन करतोस?" सगळे हसले. तोही हसला. तेच मला आवडलं नाही.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. माझी बायको बोलता बोलता सहज म्हणणार, "धाकटी सांगत होती, ते म्हणे रात्री दोनदा झोप काढतात गाडीत. तुम्ही काढता का हो?" ती काळजीने विचारते हे मला कळतं. कळूनही मी ताट सरकवून उठलेलो आहे.

या वर्षी गोष्ट फळ्यावरच थांबली नाही. साहेबांनी जाहीर केलं की नव्या चालकांना शिकवायला एक माणूस नेमायचा. काम दिवसाचं, रात्री घरी. तीन महिन्यांचं अ‍ॅव्हरेज ज्याचं जास्त, त्याला ती जागा. मी बावन्न वर्षांचा आहे. रात्री समोरून दिवे आले की डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि पुढचे दोन-तीन सेकंद मी अंदाजाने गाडी हाकतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मला ती जागा हवीशी नव्हती, मला ती लागत होती. थेंब्या बेचाळीसचा. त्याला अजून दहा वर्षं रात्री सहज झेपल्या असत्या.

तीन महिने मी जीव तोडून पाय आवरला. दात-ओठ खात साठने गाडी चालवली. लोक मला मागे टाकून गेले, मी हातसुद्धा केला, खोटाखोटा. ४.४ वरून ४.५ वर आलो. तो ४.६ वर बसलेला होता तसाच. शेवटची एक फेरी उरली तेव्हा नोंदी ठेवणाऱ्या कारकूनबाई म्हणाल्या, "तुफान, फार थोडक्यात चाललंय हो तुमचं. त्यांची एक फेरी जरी बिघडली तरी तुम्ही पुढे."

त्या बिचाऱ्या सहज म्हणाल्या. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य घर करून बसलं.

त्या शेवटच्या फेरीला बंदराची बाजू माझी होती. सात तास गाडी चालवून संध्याकाळी आठला डेपोत आलो. नऊला ती घेऊन तो डोंगराकडे निघणार होता. माल उतरत होता, तो खोलीत डबा खात होता, आणि आवारात माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. आमच्या ट्रकला मागे प्रत्येक बाजूला जोडचाकांच्या दोन जोड्या आहेत, जोडीत एक चाक बाहेरचं, एक आतलं. आतल्या टायरची हवा कमी झाली तरी बाहेरून दिसत नाही. गाडी फक्त जड होते, ओढत चालल्यासारखी, आणि डिझेल जास्त पिते. मी डाव्या बाजूला वाकलो, बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घातला, आणि आतल्या दोन्ही टायरांच्या नळ्यांवर आळीपाळीने काडी दाबून धरली. हवा फुस्स करत राहिली. प्रत्येकी तीस पाउंड सोडली असेल. मनाशी म्हणत होतो, गाडी आज जवळजवळ रिकामीच जाणार आहे, थर्माकोलची खोकी भरायची आहेत. रिकाम्या गाडीला काय होतंय? अ‍ॅव्हरेज तेवढं पडेल. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी पोट दुखायचं थांबलं होतं.

गाडीसोबत एक कागद असतो. हवा, तेल, पाणी, दिवे, असं लिहिलेलं, आणि गाडी देणाऱ्याने खाली सही करायची. मी सही केली.

तो हातोडी घेऊनच आला. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. सापडलं तर म्हणायचं, अरे, गळत असेल कुठेतरी.

"दादा, हवा बघितली?" त्याने विचारलं.

"बघितली की."

"बरं." त्याने हातोडी परत खुंटीला अडकवली. "तुम्ही जा आता, झोपा. डोळे लाल झालेत तुमचे."

आणि गेला. नऊ वाजून पाच मिनिटांनी फाटकातून बाहेर पडला. मी चहा घेतला आणि बऱ्याच दिवसांनी मान ताठ ठेवून फळ्याकडे बघितलं.

साडेनऊला कारकूनबाई कागद लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज थेंब्याचे हाल आहेत. थर्माकोल आलाच नाही. ऐन वेळी पंपांचे सुटे भाग चढवले. अकरा टन."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. अकरा टन! आतला टायर मऊ असला की सगळा भार बाहेरच्यावर येतो. तो तापतो. सपाटीवर कदाचित तग धरेल. पण दोन तासांनी डोंगर लागतो, आधी चढ आणि मग सतरा किलोमीटर वळणांचा उतार. तिथे बाहेरचा टायर फुटला तर अकरा टनांची गाडी कुठे जाईल हे सांगायला चालक असावं लागत नाही.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अर्थात बंद. हत्यारांच्या डब्यात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तीच सांगायला मला सगळ्यात जड जाते. कारकूनबाई समोर बसल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपाचा नंबर त्यांच्याकडे होता. मी नुसतं म्हणालो असतो की बाई, तिथे फोन करा आणि गाडी थांबवा, तर काम झालं असतं. पण त्यांनी विचारलं असतं, का? मला त्या 'का'चं उत्तर द्यायचं नव्हतं. साडूचा जीव टांगणीला लागला होता आणि मी माझं नाक सांभाळत होतो. म्हणालो, "घरी जातो," आणि माझी जुनी छोटी गाडी काढून डोंगराच्या रस्त्याला लागलो.

तो निघाल्याला अर्धा तास झाला होता. तो साठने चाललेला. मी मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या वर, पण गावागावांत आणि ट्रकांच्या रांगांमागे अडकत. वाटेतल्या प्रत्येक ट्रकचा मागचा नंबर वाचत होतो. समोरून दिवे आले की पांढरं व्हायचं आणि मी अंदाजाने हाकायचो. आणि एवढ्यातही डोकं धंदा करत होतं बघा. सापडला की काय सांगायचं? हवा मोजायचा काटा बिघडला होता म्हणावं. नाहीतर म्हणावं, घरी गेल्यावर आठवलं की डाव्या बाजूची हवा बघायची राहिली. हे बरं वाटलं. राहिली. राहते कधीकधी. मी ते वाक्य पाठ करायला लागलो, आणि पाठ करता करता माझा डोळा लागला.

किती वेळ, माहीत नाही. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवर डावी चाकं गेली आणि त्या खडखडाटाने जाग आली. समोर एका पुलाचा कठडा होता, आणि माझ्या दिव्यात तो फार जवळ दिसत होता. स्टिअरिंग ओढलं. गाडी हेलपाटली, सावरली. मी मोठ्याने ओरडलो, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. सकाळपासून मी सात तास ट्रक चालवला होता, झोपलो नव्हतो, आणि साडू डोळे लाल झालेत म्हणाला होता ते मला तेव्हा आठवलं. पुढचा सगळा रस्ता काच खाली करून थंड वारा तोंडावर घेत काढला. वेग काही कमी केला नाही.

सव्वाअकराच्या सुमाराला पायथ्याचा पंप दिसला. आणि तिथल्या कँटीनच्या दिव्याखाली आमचा ट्रक उभा होता. मी गाडी तिथेच वाकडीतिकडी सोडून पळालो.

तो डाव्या मागच्या चाकांपाशी उकिडवा बसला होता. हवेची नळी लावलेली होती, यंत्र धडधडत होतं. मला बघून उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा? काय झालं? धाकटी बरी आहे ना?"

मी असा रात्री धापा टाकत आलो म्हणजे घरी काहीतरी झालं, हेच त्याच्या मनात आलं. दुसरं काही आलंच नाही.

"सगळे बरे आहेत," मी म्हणालो.

"मग?" उत्तराची वाट न बघता तो चाकाकडे वळला. "बरं झालं आलात. हे बघा. गाडी अर्ध्या तासापासून डावीकडे जड वाटत होती. म्हटलं माल नीट लावला नसेल. इथे थांबून ठोकलं तर आतले दोन्ही बसलेले. बाहेरच्याला हात लावून बघा."

मी हात लावला आणि लगेच काढला. तळवा चुरचुरत राहिला.

"आज दोन तासांऐवजी तीन तासांनी थांबायचं म्हणत होतो," तो म्हणाला. "पलीकडच्या बाजूला, उतार संपल्यावर. शेवटची फेरी ना. थांबून पुन्हा निघायचं म्हणजे डिझेल जातं. मग म्हटलं नको, सवय मोडायला नको."

पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्यानेच खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला.

सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत त्याने त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: डाव्या आतल्या दोन टायरांत हवा कमी. गाडी घेताना मी तपासली नाही. चूक माझी.

"हे कशाला लिहिलंस?" मी विचारलं. "न तपासता गाडी काढली म्हणून तुझा महिना बाद करतील."

"करू देत. तसा नियमच आहे." त्याने खांदे उडवले. "खाली तुमची सही आहे, दादा. पुढे काही झालं असतं तर आधी तुमच्याकडे बोट दाखवलं असतं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी ठोकल्याशिवाय हललो नसतो. तुम्ही बघितली म्हणालात म्हणून नाही बघितली. तो आळस माझा. आणि ती जागा तुम्हालाच बरी. तुमचे डोळे दुखतात रात्री, मला दिसतं. मी कोणाला बोललो नाही."

काही न बोलता जागा माझी झाली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. चहा प्यायचा, पाठीवर थाप मारायची आणि घरी जायचं. यंत्र धडधडत होतं, तो काटा बघत होता, आणि मी त्याच्या मानेकडे बघत उभा होतो. मला त्याची दया आली असेल, लाज वाटली असेल, असं कोणालाही वाटेल. तेही होतं कुठेतरी. पण सगळ्यात आधी माझा जळफळाट झाला. अ‍ॅव्हरेजमध्ये पुढे, झोपेत पुढे, घरात कौतुकात पुढे, आणि आता माझ्यासाठी स्वतःवर दोष घेण्यातही हाच पुढे! न केलेली चूक याने लिहून दिली आणि केलेली मला तोंडातून काढता येईना. हा असा माझ्यावर उपकार करून डोंगर चढून जाणार आणि जन्मभर मी त्याच्या उपकाराखाली राहणार. ते मला सोसलं नसतं.

त्याच्या खिशाचं पेन मी ओढून घेतलं. त्याने लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: हवा मी सोडली. मुद्दाम. पुन्हा सही केली.

त्याने कागद घेतला. वाचला. दिव्याखाली नेऊन पुन्हा वाचला. यंत्र बंद केलं.

"किती?" त्याने विचारलं.

"तीस. प्रत्येकी."

"अकरा टन आहेत मागे."

"मला माहीत नव्हतं. थर्माकोल म्हणाले होते."

"थर्माकोल," तो म्हणाला. त्याचा हात वर आलेला मी पाहिला आणि मी मागे सरकलो नाही. खरं तर वाटच बघत होतो. पण हात माझ्यासमोर येऊन उघडा थांबला.

"चावी द्या."

"कसली?"

"तुमच्या गाडीची. द्या म्हणतो ना!"

मी दिली. तो कँटीनच्या खिडकीशी गेला. आत एक बाई पेले विसळत होती. त्याने चावी तिच्यापुढे ठेवली. "बाई, उजाडल्याशिवाय ही त्यांना देऊ नका. मागतील, भांडतील, देऊ नका. सकाळपासून झोपलेले नाहीत." मग परत येताना माझ्याजवळून गेला तेव्हा थांबला, पण वर बघितलं नाही. "घरी फोन करून सांगा की सकाळी याल. बाकीचं काय ते तुम्हीच सांगा ताईंना. मी धाकटीला नाही सांगणार."

तो दादा म्हणाला नाही. त्याने हातोडी घेतली आणि दहाच्या दहा चाकं ठोकली, एकेक, सावकाश, जणू मी तिथे नव्हतोच. कागद घडी करून आत ठेवला. समोरची काच पुसली. मग गाडी सुरू केली आणि अलगद, धक्का न देता रस्त्यावर नेली. त्याला मारायला निघालेला साडू मागे उभा होता, तरी त्याचा पाय जराही जड पडला नाही. मागचे लाल दिवे पहिल्या वळणापर्यंत दिसत होते.

मी खिडकीशेजारच्या बाकावर बसलो. बाईने न मागता पाणी दिलं.

"कोण हो ते तुमचे?"

"साडू."

"भले दिसतात."

"आहेच," मी म्हणालो. "आणि मला ते एकही दिवस सहन झालेलं नाही."